पायरीच्या आधीचे दालन

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणारे बहुधा ती चढून उतरलेले असतात, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन असते. मला मात्र या म्हणीतल्या शहाण्यापेक्षा पायरीचेच कुतूहल अधिक. कोर्टाचे दार म्हटले नाही, उंबरठा म्हटला नाही, नेमकी पायरीच का म्हटली? तालुक्याच्या गावचे जुने मुन्सफ कोर्ट ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. उंच जोते, पुढे पडवी आणि पडवीला चढायला चार-पाच दगडी पायऱ्या. निम्मे कोर्ट त्या पायऱ्यांवरच भरलेले असते. कापडी पिशवीत कागद घेऊन बसलेला म्हातारा, त्याच्यापासून हातभर अंतर राखून बसलेला त्याचा सख्खा पुतण्या, हाच प्रतिवादी. पट्टेवाल्याने पुकारा केला की दोघे एकदमच उठतात आणि एकाच दाराने आत जातात. आत न्याय काय मिळतो हा पुढचा प्रश्न. पण तो मिळेपर्यंत माणसाने बसायचे कुठे, याचे उत्तर त्या पायरीने दिलेले असते.

कोर्टाच्या इमारती पाहण्याचा मला नाद आहे. खटले पाहण्याचा नव्हे, इमारती पाहण्याचा. न्यायमूर्ती बसतात ती खोली कुठल्याही देशात जा, साधारण सारखीच असते. उंच आसन, खाली कारकून, समोर वकील, बाजूला साक्षीदाराचा कठडा. खरा फरक असतो तो पुढच्या भागात, जिथे माणसे थांबतात. थांबणाऱ्या माणसाविषयी राज्यकर्त्यांचे काय मत आहे ते तिथे दगडात लिहिलेले सापडते. फ्रेंच लोकांनी अशा जागेला मोठे मार्मिक नाव ठेवले आहे. पॅरिसच्या किंवा ब्रसेल्सच्या न्यायमंदिरात पुढचे जे अवाढव्य दालन आहे त्याला ते 'साल दे पा पेर्द्यू' म्हणतात. म्हणजे वाया गेलेल्या पावलांचे दालन. ज्याने कोर्टाच्या व्हरांड्यात येरझारा घातल्या आहेत त्याला या नावाचा अर्थ फ्रेंच न शिकताही कळेल.

आज मी सांगणार आहे ते दालन मात्र लंडनचे. शहराच्या मध्यावर स्ट्रँड नावाचा जुना रस्ता आहे. त्याच्या पूर्व टोकाला एक पांढुरकी दगडी इमारत अशी उभी आहे, की नवखा माणूस तिला चर्चच समजतो. टोकदार कमानी, मनोरे, कळस, मध्ये गुलाबाच्या आकाराची खिडकी. समजूत पक्की व्हावी म्हणून शिखरावर येशू ख्रिस्ताची मूर्तीही आहे. तिच्या खाली दोन बाजूंना राजा सॉलोमन आणि राजा आल्फ्रेड. ही रॉयल कोर्ट्‌स ऑफ जस्टिसची इमारत. इंग्लंड आणि वेल्सचे हायकोर्ट व अपील कोर्ट आजही इथेच आहे.

फाटकातून आत गेले की नक्षीच्या कमानी लागतात. त्यांच्यावर नामांकित न्यायाधीशांची आणि वकिलांची डोकी कोरलेली आहेत. त्यानंतर हल्लीच्या रीतीप्रमाणे पिशवी यंत्रातून काढावी लागते, खिसे रिकामे करावे लागतात. आणि मग पट्टा कमरेला पुन्हा बांधत बांधत माणूस मान वर करतो, तो तसाच राहतो.

लांबी २३८ फूट. रुंदी अवघी ४८ फूट. उंची ८० फूट. आकडे मुद्दाम शेजारी शेजारी लिहिले, कारण सगळी करामत त्यांच्या प्रमाणात आहे. रुंदीच्या पाचपट लांबी आणि पावणेदोनपट उंची दिली की जागा प्रशस्त वाटत नाही; ती ओढल्यासारखी वाटते. पाय पुढे ओढले जातात, डोळे वर ओढले जातात. छताला लाकूड नाही. दगडी कमानींच्या फासळ्या दोन्ही भिंतींवरून निघतात आणि वर मध्यावर एकमेकींना भेटतात, जणू एखादे गलबत पालथे घातले आहे. वरच्या उंच खिडक्यांच्या रंगीत काचांत जुन्या लॉर्ड चॅन्सेलरांची मानचिन्हे आहेत. ऊन पडले तर त्यांचे लाल-निळे कवडसे भिंतीवर उतरतात. लंडनच्या हवेत ते रोज घडत नाही. खाली संगमरवराच्या तुकड्यांची फरशी, तिच्यावर भूमितीची नक्षी. कुजबुजले तरी आवाज फिरून येतो. वकील मंडळी काळे झगे सावरीत लगबगीने जातात, तेव्हा त्यांच्या बुटांचा आवाज ती दिसण्याआधी ऐकू येतो.

आणि एवढ्या मोठ्या दालनात कोर्ट कुठेच नाही! न्यायासन नाही, कठडा नाही, वर जाणारा भव्य जिनासुद्धा नाही. मध्यावर त्या दिवसाच्या कामकाजाच्या याद्या लावलेल्या असतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींत लहान लहान कमानीची दारे आहेत, आणि त्या दारांच्या आत अरुंद दगडी जिने. त्या जिन्यांनी वर गेले की बोळ लागतात आणि बोळांत कोर्टांच्या खोल्या. म्हणजे आमच्या म्हणीतली पायरी इथेही आहेच. पण ती भिंतीत लपवलेली आहे, आणि तिच्यापुढे हे २३८ फुटांचे दालन घातले आहे.

हे असे का झाले, याची हकिगत सांगायची तर आठशे-नऊशे वर्षे मागे जावे लागते.

पूर्वी इंग्लंडचा राजा फिरतीवर असे आणि न्यायालय त्याच्या मागे फिरे. फिर्याद करायची तर आधी राजा कुठल्या गावी आहे याचा शोध करावा लागे. १२१५ सालच्या मॅग्ना कार्टात सरदारांनी राजाकडून जी वचने घेतली त्यांत एक असे होते, की सामान्य दाव्यांचे न्यायालय राजाच्या मागे न फिरता एका ठरलेल्या जागी बसावे. ती जागा ठरली वेस्टमिन्स्टर हॉल. विल्यम रूफस राजाने १०९७ च्या सुमारास बांधलेले हे सुमारे २४० फूट लांबीचे दालन. पुढे तीनशे वर्षांनी दुसऱ्या रिचर्डने त्याच्यावर ओकचे प्रचंड छत चढवले, मध्ये एकही खांब न घेता. २०२२ साली एलिझाबेथ राणीचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवले होते ते याच हॉलमध्ये. दूरदर्शनवर अनेकांनी पाहिले असेल.

या हॉलची मौज अशी की इथे न्यायालये दालनातच भरत. एका कोपऱ्यात एक कोर्ट, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरे, मध्ये लाकडी आडोसे. आणि भिंतीला लागून पुस्तकवाले, शाई-लेखण्या विकणारे, किडूकमिडूक विकणाऱ्या बाया. एकीकडे वारसाचा निकाल चालला आहे आणि दहा पावलांवर कोणी हातमोज्यांची घासाघीस करतो आहे. आपल्या आठवडी बाजाराच्या शेजारी कचेरी असावी तसे. रशियाचा पीटर बादशहा लंडनला गेला तेव्हा त्याला हा हॉल दाखवला. झगे आणि टोप घातलेली ही सगळी माणसे कोण, असे त्याने विचारले. वकील, असे उत्तर मिळाल्यावर तो म्हणाला म्हणे, की माझ्या साऱ्या राज्यात दोनच वकील आहेत आणि परत गेल्यावर त्यांतल्या एकाला फाशी द्यावे असे माझ्या मनात आहे. गोष्ट खरी असो वा वकिलांच्या शत्रूंनी रचलेली असो, ती वकीलच अधिक रंगवून सांगतात. पहिल्या चार्ल्सला १६४९ साली मृत्यूची शिक्षा झाली ती याच छताखाली. आपल्या देशात केलेल्या कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ पासून १७९५ पर्यंत खटला चालला तोही इथेच. सात वर्षे! आणि शेवटी निर्दोष सुटला.

इथल्या गर्दीने, थंडीने आणि कलकलाटाने न्यायाधीश कावले. एकोणिसाव्या शतकात हॉलला लागून वेगळ्या कोर्टखोल्या बांधल्या, त्याही अपुऱ्या पडल्या. कायद्याची निरनिराळी न्यायालये शहरात चहूकडे विखुरलेली होती. ती सगळी १८७३ च्या कायद्याने एका हायकोर्टाखाली आणायचे ठरले, आणि या एकत्र कुटुंबाला राहायला एक मोठे घर हवे होते.

घर बांधायचे म्हणजे प्रथम जागा आणि पैसा. जागा मिळाली स्ट्रँड आणि कॅरी स्ट्रीट यांच्या मध्ये. रिकामी नव्हती. तिथे दाट वस्तीची गरीब लोकांची घरे होती; सुमारे साडेचारशे घरे पाडली आणि चार हजारांवर माणसे उठवली. त्यांच्या जमिनीची किंमत सरकारने साडेचौदा लाख पौंड मोजली, पण ती घरमालकांना. भाड्याने राहणारे बिऱ्हाड पाठीवर घेऊन गेले. न्यायमंदिराच्या पायाखाली काय काय असते पाहा. बांधकामाचे सुमारे सात लाख पौंड न्यायालयाकडे साचून पडलेल्या पैशातून आले. मृत्युपत्र न करता मेलेल्या माणसांच्या मिळकतींचा तो पैसा, असे सांगतात. तेव्हा मृत्युपत्र करायचे ज्यांनी लांबणीवर टाकले आहे त्यांनी ध्यानात घ्यावे, की आपल्या पैशातून अशी सुंदर दालने उभी राहू शकतात.

मग शिल्पकारांची स्पर्धा झाली. अकरा जणांनी नकाशे दिले, आणि अकराही जणांनी गॉथिकच दिले. त्या काळात दुसरे काही सुचणेच शक्य नव्हते. परीक्षकांनी अंतर्रचनेसाठी एकाला आणि दर्शनी रूपासाठी दुसऱ्याला पसंत केले, आणि दोघांनी मिळून काम करावे असे सुचवले. दोन सुनांना एक चूल द्यावी तसाच हा प्रकार. भांडण व्हायचे ते झालेच, आणि १८६८ साली एकट्या जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांची नेमणूक झाली.

स्ट्रीट हे चर्च बांधणारे. इटलीच्या आणि स्पेनच्या जुन्या वास्तू पायी फिरून पाहिलेले, त्यांच्यावर पुस्तके लिहिलेले. तरुणपणी ते जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या कचेरीत उमेदवारी करीत होते. हे स्कॉट म्हणजे आपल्या मुंबईच्या राजाबाई टॉवरचे आणि विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहाचे कर्ते. मुंबईत त्यांनी पाऊल टाकले नाही, नकाशे टपालाने धाडले. लंडनच्या या स्पर्धेत ते स्वतःही उतरले होते आणि त्यांच्या जुन्या उमेदवाराने त्यांना मागे टाकले. फोर्टमधून जाताना राजाबाई टॉवरकडे मान वर करणाऱ्याने हे नाते ध्यानात ठेवावे.

स्ट्रीट कामाला रेड्यासारखे. या एका इमारतीसाठी त्यांनी तीन हजारांच्या आसपास नकाशे स्वतःच्या हाताने काढले. दाराची कडी कशी असावी, कठड्याची नक्षी कशी वळावी, काहीही दुसऱ्यावर सोडले नाही. सरकारी खाते मात्र दर वर्षी खर्चाला कात्री लावीत होते. बांधकाम १८७३ ला सुरू झाले. १८७७ साली पाथरवटांनी मजुरीसाठी संप केला. तेव्हा कंत्राटदाराने परदेशातून, मुख्यतः जर्मनीतून, पाथरवट आणले. संपकरी इतके खवळले, की या परक्या कारागिरांना बाहेर फिरणे कठीण झाले. त्यांची राहण्याजेवण्याची सोय अर्धवट इमारतीतच करावी लागली. न्यायमंदिरात पहिला बिछाना पसरला तो न्यायाधीशांनी नव्हे, वकिलांनी नव्हे, तर दुसऱ्यांची भाकरी हिसकावल्याचा ठपका घेऊन आलेल्या आणि स्वतःच्या भाकरीसाठी घर सोडलेल्या पाथरवटांनी. त्यांपैकी कुणाचा दावा खरा, याचा निकाल कुठल्याच कोर्टाने दिला नाही.

डिसेंबर १८८१ मध्ये स्ट्रीट वारले. वय सत्तावन्न. अतिश्रमाने गेले असे त्या वेळीही लोक म्हणाले. राहिलेले काम त्यांच्या मुलाने एका वडीलधाऱ्या शिल्पकाराच्या मदतीने पुरे केले आणि ४ डिसेंबर १८८२ रोजी व्हिक्टोरिया राणीने इमारत उघडली. समारंभ या दालनातच झाला. त्या काळची एक गोष्ट सांगतात. राणीला द्यायच्या मानपत्राचा मसुदा न्यायाधीश मिळून करीत होते. त्यात 'आम्हांस आमच्या उणिवांची जाणीव आहे' अशा अर्थाचे एक विनम्र वाक्य होते. एका न्यायाधीशांना ते अजिबात रुचले नाही. आपल्यात उणीव आहे हे त्यांना मान्यच नव्हते! तेव्हा बोवेन नावाचे न्यायाधीश शांतपणे म्हणाले, की मग 'आम्हांस एकमेकांच्या उणिवांची जाणीव आहे' असे घालू.

आता माझा मुद्दा. स्ट्रीट यांनी वेस्टमिन्स्टर हॉलची आठवण नव्या इमारतीत आणली. लांबी जवळजवळ तीच ठेवली. पण जुन्या हॉलमध्ये जे होते ते आणले नाही. तिथे न्याय दालनात होता आणि कोणीही वाटसरू उभा राहून तो ऐकू शकत होता. इथे न्याय वर गेला, जाड भिंतींच्या आत गेला, आणि दालन रिकामे राहिले. इमारतीचा नकाशा पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. न्यायाधीशांचा रस्ता वेगळा, वकिलांचा वेगळा, ज्युरीचा वेगळा, बघ्यांचा जिना वेगळा. एकाचे दुसऱ्याशी नजरेनेसुद्धा गाठोडे पडू नये अशी बेतशीर व्यवस्था. सोवळ्याओवळ्याची कल्पना आपल्याकडेच होती असे समजण्याचे कारण नाही. टीकाकारांनी तेव्हापासून दोष दिला, की दालनाचा आणि कोर्टांचा संबंध नीट जुळलेला नाही, एवढी जागा निरुपयोगी गेली. मला तसे वाटत नाही. त्या जागेचा उपयोग आहे, आणि तो फार मोठा आहे. दहा हात रुंदीच्या बोळातून कोर्टात शिरणारा माणूस तावातावाने शिरतो. दोनशे फूट चालून, मान वर करून, आपल्याच पावलांचा आवाज ऐकत ऐकत जो जिन्यापाशी पोचतो त्याचा निम्मा ताव तिथेच उतरलेला असतो. हे चांगले की वाईट? वादी धनवान असेल, सवयीचा असेल, तर चांगले. पण ज्याच्या हातात सत्याखेरीज काही नाही त्याचाही ताव उतरतो, आणि त्याला त्या तावाची गरज असते.

असा एक वादी आपल्यातला होता.

व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली हिंदुस्थानातल्या असंतोषावर पुस्तक लिहिले आणि त्यात लोकमान्य टिळकांवर नाही नाही ते आरोप केले. खुनांना चिथावणी देण्यापर्यंत मजल गेली. मंडालेहून सुटून आल्यावर टिळकांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. सप्टेंबर १९१८ मध्ये ते मुंबईहून निघाले, ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनला पोचले, आणि २९ जानेवारी १९१९ रोजी न्यायमूर्ती डार्लिंग आणि खास ज्युरी यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. ज्या इमारतीचे हे दालन, त्याच इमारतीत.

टिळकांना कोर्ट नवे नव्हते. मुंबई हायकोर्टाच्या इमारतीत १८९७ साली त्यांना शिक्षा झाली, १९०८ साली झाली. १९१६ साली तिथेच त्यांच्यावरचा जामिनाचा हुकूम रद्द झाला. ती इमारत १८७८ ची, या लंडनच्या इमारतीहून चार वर्षांनी थोरली. कर्नल फुलर यांनी बांधली, तीही गॉथिक. खर्च १६,४४,५२८ रुपये, म्हणजे मंजुरीपेक्षा २,६६८ रुपये कमी; सरकारी बांधकामात असे पुन्हा कधी घडले असल्यास मला कळवावे. फुलरसाहेबांनी असले दालन बांधण्याच्या भानगडीत न पडता रुंद व्हरांडे दिले. ओव्हलवरचा वारा खात पक्षकार तिथे उभे राहतात, वकील तिथेच त्यांना गाठतात, चहावाला तिथेच सर्वांना गाठतो. तेव्हा सरकारला हिंदी पक्षकाराविषयी आदर होता असे नाही. हवाच तशी, बंद दालनात माणसे गुदमरली असती. पण परिणाम असा झाला, की मुंबईला थांबणारा माणूस कोर्टाचाच भाग दिसतो. लंडनला तो पाहुणा दिसतो.

मुंबईत टिळक आरोपी होते; कोर्ट त्यांना आणत होते. लंडनमध्ये ते फिर्यादी होते. आपल्या पायांनी न्याय मागायला गेले होते. वय बासष्ट, मधुमेह जडलेला, बाहेर जानेवारीची थंडी. तरुणपणी ज्यांनी पुण्यात वकिलीचे वर्ग चालवले, त्यांना इंग्रजी कायदा पाठ होता आणि त्याच्यावर थोडाफार भरवसाही होता. नाहीतर एवढा समुद्र ओलांडून कोण जाते? त्यांच्या बाजूने सर जॉन सायमन उभे होते. नऊ वर्षांनी ज्यांच्या कमिशनला साऱ्या देशाने काळी निशाणे दाखवली, तेच. चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन, उलटतपासणीत त्या काळी ज्यांचा हात धरणारा नव्हता. कार्सननी प्रश्न विचारले ते टिळकांच्या अब्रूविषयी कमी आणि राजनिष्ठेविषयी अधिक. न्यायमूर्तींनी ज्युरीला समजावून सांगितले तेही त्याच सुरात. २१ फेब्रुवारीला निकाल लागला: दावा फेटाळला. खर्चाचा डोंगर अंगावर आला, आणि तो उचलायला महाराष्ट्रात घरोघर वर्गणी जमली. ज्या बाईने त्या वर्गणीत आपला रुपया टाकला असेल तिने लंडनच्या कोर्टाचे चित्रही पाहिले नसेल. पण त्या दालनाच्या भाड्याचा तिचा हिस्सा तिने भरला.

इमारतीच्या मागच्या बाजूला कॅरी स्ट्रीट आहे, तिकडेही अवश्य जावे. जमीन तिकडे चढत जाते, म्हणून तिथून इमारत बुटकी दिसते. मागच्या शिखरावर मोझेसची मूर्ती आहे. न्यायाधीशांच्या दारावर मात्र दगडात एक मांजर आणि एक कुत्रा कोरलेला आहे. हे भांडणारे वादी-प्रतिवादी! न्यायाधीश रोज त्यांच्या खालून आत जातात. आपल्या मुंबई हायकोर्टाच्या भिंतीवरही असाच वात्रटपणा आहे: एका डोळ्यावर पट्टी बांधलेले माकड हातात तराजू घेऊन बसलेले. दावा हरलेल्या कुणा कंत्राटदाराने सूड म्हणून ते कोरवले अशी दंतकथा आहे. दोन्ही इमारतींच्या दर्शनी बाजूला न्यायाचा गंभीर चेहरा, आणि पाथरवटाला संधी मिळाली तिथे खरे मत. कॅरी स्ट्रीटला पुढे दिवाळखोरीचे कोर्ट असल्यामुळे 'तो कॅरी स्ट्रीटला गेला' म्हणजे त्याचे दिवाळे निघाले, असा इंग्रजीत वाक्प्रचारच झाला. दिवाळी अंकात दिवाळ्याची गोष्ट आली, याबद्दल क्षमा असावी.

दालनात स्वतः स्ट्रीट यांचाही संगमरवरी पुतळा आहे. बसलेला. पलीकडे एक खांब त्यांनी मुद्दाम अपुरा ठेवला, कारण पूर्णत्व देवालाच शोभते, असे तिथले जाणकार सांगतात. त्याच खांबाविषयी दुसरे जाणकार सांगतात की पैसे संपले. सरकारी कात्रीची हकिगत वाचल्यावर मी दुसऱ्या पक्षाचा झालो आहे.

मी गेलो तेव्हा बाकावर बराच वेळ बसलो. दालन सर्वांना खुले आहे, सोमवार ते शुक्रवार, तिकीट नाही. छायाचित्र मात्र काढू देत नाहीत. वकिलांची ये-जा चालू होती. त्यांना वर पाहण्याची गरज नव्हती. मी पाहत होतो ते दुसऱ्यांकडे. इंग्लंडात २०१३ पासून सरकारी खर्चाने वकील मिळणे पुष्कळच कमी झाले. घरगुती भांडणे, देणी, घरभाडे असल्या कितीतरी कामांत आता माणसे स्वतःच आपली बाजू मांडतात. ती ओळखू येतात. झगा नसतो, चाकांची पेटी नसते. कागद दुकानातल्या पिशवीत असतात.

अशी एक पन्नाशीची बाई याद्यांपाशी उभी होती. एकेका ओळीवरून बोट फिरवीत होती. नाव सापडले, तसे तिने ते पुन्हा एकदा वाचले आणि मग दालनभर पाहिले. दोन्ही बाजूंना ओळीने सारखीच दारे. पहारेकऱ्याजवळ जाऊन तिने काहीतरी विचारले. त्याने हात लांब करून पलीकडच्या टोकाचे एक दार दाखवले. बाई निघाली. दालन मोठे, पोचायला तिला बराच वेळ लागला. दारापाशी थांबून तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आत वाकून पाहिले, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.